छोट्या संगणकाला कसली हवा मानवते?

  

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायला आता थोडेच दिवस राहिलेत. तिकिटं झाली, बॅगा पलंगाखालून बाहेर आल्या. कोण गणपतीपर्यंत राहणार, कोण आधी परतणार, याची घरोघरी चर्चा चालू आहे. या धावपळीत घरातल्या एका सदस्याचा विचार सहसा कुणी करत नाही. तो म्हणजे टीव्हीच्या कपाटात किंवा मुलांच्या टेबलावर बसलेला छोटा डेस्कटॉप संगणक. आजचा ‘माहितीचा कोपरा’ त्याच्यासाठी.

हे छोटे संगणक आता आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसतात. कुणाकडे ॲपलचा मॅक मिनी असतो, कुणाकडे दुसऱ्या कंपनीची तळहाताएवढी डबी. मुलांचा अभ्यास, घरातला हिशेब, व्हिसाची कागदपत्रं आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांचे फोटो, सगळं त्यातच. डबी लहान, म्हणून आपण तिला कुठंही सरकवतो. पुस्तकांच्या मागे, देवघराच्या खाली, खिडकीच्या कट्ट्यावर. पण तिच्यासोबत आलेल्या कागदात बारीक अक्षरांत चार-पाच ओळी छापलेल्या असतात. किती तापमानात चालवावी, किती दमट हवेत, किती उंचीवर आणि किती दाबाच्या विजेवर. बहुतेक जण तो कागद खोक्यासकट माळ्यावर टाकतात. आज त्या ओळी आपण एकत्र वाचूया, आणि आपल्या घराला त्या कशा लागू पडतात ते पाहूया.

उदाहरणासाठी मॅक मिनीचाच कागद घेऊ, कारण त्यातले आकडे सुटसुटीत आहेत. चालू असताना तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस. बंद करून ठेवायचा असेल तर उणे ४० ते ४७ अंश. हवेतली आर्द्रता ५ ते ९० टक्के, पण पाणी न साचणारी. उंची ५,००० मीटरपर्यंत. वीज १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. तुमच्याकडे दुसरा संगणक असेल तर त्याचा कागद जरूर काढून बघा. ओळींचा अर्थ मात्र सगळीकडे सारखाच.

(संगीत – दहा सेकंद)

पहिली ओळ तापमानाची. ‘चालू असताना ३५ अंशांपर्यंत.’ हे वाचल्यावर कुणीही म्हणेल, अहो, बाहेर ४५ असतात, मग इथं संगणक चालतो तरी कसा? चालतो, कारण घरात एसी असतो. पण ३५ हा आकडा शहराच्या तापमानाचा नाही, आणि एसीच्या रिमोटवर दिसतो त्या तापमानाचाही नाही. संगणक ज्या हवेचा श्वास घेतो, त्या वीतभर अंतरावरच्या हवेचा तो आकडा आहे.

हे नीट समजून घेऊ. संगणकातली चिप काम करताना तापते. ती उष्णता बाहेर टाकायला आत एक पंखा असतो. पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा आत ओढतो, तापलेल्या भागांवरून फिरवतो आणि बाहेर सोडतो. म्हणजे आत आलेल्या हवेपेक्षा चिप कधीच थंड होऊ शकत नाही. समजा एखाद्या कामात चिप भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापते. खोलीत २५ अंश असतील तर चिप ७५ वर जाईल, आणि तिला काही त्रास नाही. आता हेच काम ४५ अंशांच्या हवेत केलं, तर चिप ९५ वर. बहुतेक प्रोसेसरांची वरची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की संगणक स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणजे कमी काम आणि कमी उष्णता. तेवढ्यानं भागलं नाही तर तो सरळ बंद पडतो. आपण म्हणतो, ‘संगणक जुना झाला, हळू चालतो.’ कधी कधी तो फक्त गुदमरलेला असतो.

उष्णतेचा दुसरा परिणाम सावकाश होतो. आतल्या काही सुट्या भागांचं आयुष्य तापमानावर अवलंबून असतं. वीज साठवून सोडणारे जे छोटे कपॅसिटर असतात, त्यातल्या द्रव भरलेल्या प्रकाराबद्दल अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच. ती २५ अंशांना ठेवली तर जितकी वर्षं टिकेल, त्याच्या जेमतेम निम्मी ती ३५ अंशांना टिकते. म्हणून संगणक आणि यूपीएस दोन्ही एकाच बंद कपाटात कोंबले, की दोघंही एकमेकांना भाजत बसतात.

आता आपल्या घरांतल्या लाडक्या जागा बघू. पहिली टीव्हीचं काचेच्या दाराचं कपाट. आत सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि संगणक. तिघंही उष्णता सोडतात आणि दार बंद. दिवाणखान्यात २४ अंश असले तरी त्या कपाटात चाळीस सहज होऊ शकतात. दुसरी जागा खिडकीचा कट्टा. दुपारचं ऊन काचेतून थेट आलं की काळी किंवा राखाडी डबी तव्यासारखी तापते. तिसरी जागा म्हणजे आईनं विणलेला सुंदर क्रोशाचा रुमाल, आणि त्यावर संगणक. मॅक मिनीचं २०२४ साली आलेलं मॉडेल जेमतेम पाच इंच लांब-रुंद आणि दोन इंच उंच आहे. त्याची हवा तळाच्या गोल पायातूनच आत येते आणि तिथूनच बाहेर जाते. त्याला रुमालावर, गादीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवलं तर त्याचं नाकतोंडच दाबल्यासारखं होतं. रुमाल टीव्हीवर घाला, संगणक मोकळ्या लाकडावर बसू द्या.

एक सोपा प्रयोग सांगतो. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र कुठल्याही सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळतं. ते संगणकाशेजारी, त्याच कपाटात, त्याच कप्प्यात ठेवा. तासभर नेहमीचं काम करा. मुलांना खेळ खेळायचा असेल तर खेळू द्या, त्यानं परीक्षा आणखी नीट होते. मग आकडा वाचा. तीसच्या आत असेल तर निश्चिंत राहा. तीस ते पस्तीसच्या मध्ये असेल तर कपाटाचं दार उघडं ठेवा, राउटर दुसरीकडे हलवा, चहूबाजूंनी निदान चार बोटं जागा सोडा. पस्तीसच्या वर असेल तर जागाच बदला. या प्रयोगाला एक कप चहाइतका वेळ लागतो, आणि घरातल्या कुणालाही तो करता येतो.

(संगीत – दहा सेकंद)

दुसरी ओळ आर्द्रतेची, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ती सगळ्यात महत्त्वाची. ‘५ ते ९० टक्के, पाणी न साचणारी.’ यातली खरी अट ९० टक्क्यांची कमी आणि पाणी न साचण्याची जास्त आहे.

फ्रिजमधून कोकम सरबताचा पेला काढून गॅलरीत नेला तर काय होतं? दोन मिनिटांत पेल्याच्या बाहेर पाण्याचे थेंब. पेला गळत नाही. हवेतली वाफ थंड काचेला लागून पाणी होते. मॉलमधून बाहेर पडताना चष्म्यावर धुकं धरतं, तेही तेच. ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. जी वस्तू दवबिंदूपेक्षा थंड, तिच्यावर पाणी बसणार.

आता आपल्याकडची ऑगस्टमधली रात्र घ्या. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २८ ते २९ अंशांच्या दरम्यान येतो. तुमच्या एसीच्या खोलीत संगणक आहे २३ अंशांवर. तो उचलून तुम्ही गाडीपर्यंत गेलात की तो झाला कोकम सरबताचा पेला. फरक इतकाच, की पेल्याच्या बाहेर दिसणारे थेंब संगणकाच्या आतही बसतात, आणि तिथं ते दिसत नाहीत. आपल्या भागातली हवा या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. सौदी अरेबियात दहरान इथं ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे त्या दिवशी एसीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू बाहेर आणताच ओली झाली असती.

म्हणून नियम असा. थंड खोलीतून संगणक बाहेर न्यायचा असेल, तर तो आतच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मग बाहेर न्या. पाणी पिशवीवर बसेल, संगणकावर नाही. नव्या ठिकाणी पोचल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दोन-तीन तास तशीच राहू द्या, म्हणजे आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येईल. त्यानंतरच बाहेर काढा आणि सुरू करा. संगणकाला पाण्यापेक्षा पाणी असताना वाहणारी वीज जास्त मारते. बंद असताना बसलेलं दव बरेचदा वाळून जातं. त्याच अवस्थेत बटण दाबलं तर मात्र नुकसान पक्कं.

घरातही एक जागा टाळा, ती म्हणजे एसीच्या झोताखालची. थंड झोत संगणकावर सतत पडत असेल, आणि सकाळी हवा खेळावी म्हणून तुम्ही गॅलरीचं दार सताड उघडलंत, तर तोच पेल्याचा खेळ घरात होतो. शिवाय एसीची नळी तुंबली की पाणी टपकतं, ते वेगळंच.

अमेरिका-कॅनडातून ऐकणाऱ्या मंडळींचा त्रास याच्या उलटा. तिकडे थंडीत घरं हीटरनं गरम केली की हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी बसते. तीच ठिणगी संगणकाला बसू शकते. वायर किंवा पेनड्राइव्ह लावण्याआधी जवळच्या एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावायची सवय ठेवा. आणि रात्रभर गाडीत गारठलेला संगणक घरात आणल्यावर लगेच सुरू करू नका. पिशवीचा नियम त्यालाही लागू.

उंचीच्या ओळीत आपल्याला फार अडकायचं कारण नाही. वर गेलं की हवा विरळ होते, ती उष्णता कमी वाहून नेते, म्हणून ती ओळ असते. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला आणखी एक अडचण. तिचं टोक तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं, आणि हवा विरळ झाली की तो थर कमी पडतो. पण ५,००० मीटर म्हणजे लेहपेक्षाही पुष्कळ वर. आपलं कळसूबाईचं शिखर आहे १,६४६ मीटर. महाबळेश्वरला बंगला असला तरी काळजी नको.

(संगीत – दहा सेकंद)

कागदावर जी ओळ सहसा नसते, पण आपल्या घरात असायला हवी, ती धुळीची. जून-जुलैत शमाल वारा सुटला की दारं-खिडक्या बंद असूनही फरशीवर पावडरीसारखी धूळ बसते. संगणकाचा पंखा दिवसभर हवा ओढतो, म्हणजे तो दिवसभर धूळही गोळा करतो. ती आत उष्णता सोडणाऱ्या पात्यांवर दुलईसारखी पसरते. किनाऱ्याजवळच्या धुळीत मीठही असतं. मीठ दमट हवेत पाणी धरतं, आणि असा ओलसर थर धातूला गंजवतो.

धुळीला चिकटवणारे आणखी दोन पदार्थ आपल्या घरांत खास असतात, फोडणीचा तेलकट वाफारा आणि उदबत्ती-कापराचा धूर. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत किंवा देवघराच्या अगदी जवळ ठेवलेल्या संगणकाच्या जाळीला हात लावून बघा, बोट काळं आणि चिकट होईल. कोरडी धूळ उडवता येते, तेलकट धूळ उडत नाही. म्हणून देवाला उदबत्ती रोज लावा, संगणक फक्त दोन-चार हात दूर सरकवा.

सफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. संगणक बंद करा, वायर काढा, थंड होऊ द्या. बाहेरची जाळी मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. कॅमेऱ्याची काच साफ करायला मिळणारा रबरी फुगा असेल तर त्यानं हवा मारा. तोंडानं फुंकर मारू नका, त्यात थुंकीचे बारीक थेंब असतात. व्हॅक्यूम क्लीनरची नळीही जाळीला लावू नका, कारण त्या नळीत स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर लांबच ठेवा.

आता विजेची ओळ. १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. ही ओळ वाचली की एक मोठी चिंता मिटते. आखाती देशांत वीज २२० ते २४० व्होल्टच्या घरात असते, भारतात २३०, अमेरिकेत १२०. सौदीत ६० हर्ट्झ, आपल्या शेजारच्या इतर देशांत आणि भारतात ५०. हे सगळं त्या एका ओळीत मावतं. म्हणून असा संगणक कुठल्याही देशात न्या, ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त प्लगची वायर बदलावी लागते. प्रिंटरचं मात्र तसं नाही. अमेरिकेहून आणलेला लेझर प्रिंटर बहुधा तिथल्याच विजेचा असतो. त्याच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय तो लावू नका.

प्लगबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. आपल्याकडच्या भिंतीत तीन चौकोनी भोकांचं सॉकेट असतं. भारतातून आणलेल्या दोन गोल पिनांची वायर त्यात बसवायला अनेक जण वरच्या भोकात पेन खुपसतात, पडदा उघडतात आणि वायर दाबून बसवतात. हे तुम्ही पाहिलंय, कदाचित तुमच्याच घरात. ती पिन आत सैल बसते, सैल जोडात ठिणग्या पडतात, प्लग तापतो. चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये जो फ्यूज असतो, त्याचं संरक्षणही गेलं. आणि ज्या संगणकाच्या वायरीला तीन पिना आहेत, त्याचं अर्थिंगही. इथल्या प्लगची योग्य वायर दहा-पंधरा दिरहमांचं काम आहे. एवढ्यासाठी घराची जोखीम घेऊ नका.

(संगीत – दहा सेकंद)

हे सगळं झालं रोजच्या वापराचं. आता सुट्टीचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर आजचा विषय काढला.

आपण दोन महिने घर बंद करून जातो. जाताना एसी बंद करतो, वीजबिल वाचावं म्हणून. आणि बऱ्याच घरांत संगणक मात्र चालूच ठेवला जातो. कारणही समजण्यासारखं आहे. हे छोटे संगणक नुसते बसून असताना चार-पाच वॅटच वीज खातात. गावाहून फोनवर घरचे फोटो बघता यावेत, दाराचा कॅमेरा त्यावर नोंद करत राहावा, ऑफिसची एखादी फाइल लागली तर मिळावी.

आता पहिली ओळ आठवा. चालू असताना मर्यादा ३५. जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद असलेल्या घरातली हवा ३५ च्या वर जाते, वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेच्या खोलीत चाळिशीलाही टेकते. कपाटात असेल तर आणखी वर. आणि हे तासभर नाही, रात्रंदिवस दोन महिने. त्यात पंखा अडकला तर बघायला घरात कुणी नाही. तोच संगणक बंद करून ठेवला, तर त्याची मर्यादा ४७ आहे. म्हणजे ज्या घरात तो चालू ठेवणं धोक्याचं, त्याच घरात तो बंद ठेवणं बहुतेक वेळा सुरक्षित आहे. कागदावरच्या दोन आकड्यांमधल्या या बारा अंशांच्या फरकात आपली सगळी उन्हाळ्याची सुट्टी बसते. तेव्हा जाताना संगणक बंद करा आणि त्याचा प्लग काढा. दाराचा कॅमेरा हवाच असेल तर एका आतल्या खोलीचा एसी बेताच्या तापमानावर चालू ठेवा, आणि संगणक त्या खोलीत हलवा. त्यानं भिंतींना बुरशीही धरणार नाही.

४७ ची मर्यादा मोडते अशाही जागा आहेत. उन्हात उभी गाडी ही पहिली. तासाभरात गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जाते, म्हणजे दुपारी साठ-पासष्ट. विमानतळावर जाताना ‘आधी जरा खरेदी करून घेऊ’ म्हणून बॅग डिकीत ठेवली असेल, तर आत संगणक आणि फोटोंची डिस्क आहे हे लक्षात ठेवा. दुसरी जागा गच्चीवरची पत्र्याची खोली, तिसरी ऊन येणारा खिडकीचा कट्टा.

फोटोंविषयी एक गोष्ट. आजच्या संगणकांत माहिती एसएसडीवर असते, आणि तिथं ती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात साठवलेली असते. हा भार वीज बंद असताना फार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त लवकर. या उद्योगाचा मापदंड सांगतो, की घरगुती वापराची एसएसडी लिहून लिहून पार झिजली तरी, ३० अंशांत बंद अवस्थेत तिनं वर्षभर माहिती धरून ठेवली पाहिजे. तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीत तुमचे फोटो उडून जाणार नाहीत, घाबरू नका. पण लग्नाच्या फोटोंची डिस्क तापत्या माळ्यावर चार-पाच वर्षं तशीच पडली असेल, तर या आठवड्यात ती काढा, संगणकाला लावा आणि तिची आणखी एक प्रत करा. आणि सुट्टीला निघताना एक प्रत हातातल्या बॅगेत सोबत न्या. संगणक दुकानात पुन्हा मिळतो. आजोबांचा शेवटचा व्हिडिओ कुठल्याच दुकानात मिळत नाही.

परत आल्यावर काय? दार उघडताच मुलं संगणकाकडे धावतील. त्यांना थांबवा. आधी एसी लावा, दोन-तीन तास घर निवू द्या, संगणकावरची धूळ झाडा, मग बटण दाबा.

(संगीत – दहा सेकंद)

शेवटचा भाग, गावी संगणक घेऊन जाणाऱ्यांसाठी. यंदा बऱ्याच जणांच्या बॅगेत आईवडिलांसाठी छोटा संगणक आहे. मोठ्या पडद्यावर नातवंडं दिसावीत, पेन्शनची कागदपत्रं घरबसल्या बघता यावीत. वजन किलोच्या आत, तेव्हा तो सामानात न टाकता हातातल्या बॅगेतच ठेवा.

कोकणातल्या घरी उष्णतेची काळजी कमी. पावसाळ्यात २५ ते ३० अंश म्हणजे संगणकाला अगदी मानवणारं तापमान. तिथली अडचण आर्द्रतेची. आषाढ-श्रावणात ती नव्वदीच्या पुढे सहज जाते, म्हणजे कागदावरच्या मर्यादेबाहेर. यावर उपाय काय? आईवडील प्रेमानं करतील तो उपाय म्हणजे संगणक प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवणं, ‘मुलगा आला की काढू.’ नेमकं हेच करू नका. रोजच्या वापरातला संगणक असा गुंडाळला की ओलावा आत कोंडतो.

खरा उपाय सोपा आहे, तो रोज दोन-तीन तास वापरणं. २७ अंशांची, ९२ टक्के दमट हवा संगणकाच्या आत जाऊन ३५ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवा जास्त पाणी पोटात ठेवू शकते. म्हणजे चालू संगणक स्वतःला स्वतःच वाळवतो. चुलीजवळ टांगलेल्या कपड्यांसारखंच आहे हे. तेव्हा बाबांना सांगा, वापरल्यानं तो झिजेल म्हणून जपून ठेवू नका. पावसाळ्यात तो वापरल्यानंच टिकेल. भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंत ओल धरते. मुंग्या आणि पाली उबेला येतात, म्हणून जमिनीवर नको, टेबलावर ठेवा, आणि शेजारी साखरेचा डबा नको.

विजेचं तिथं वेगळंच. दाब कमी-जास्त होतो, पण १०० ते २४० च्या ओळीमुळे दाब कमी होण्याचं या संगणकाला फारसं काही वाटत नाही. त्याला मारते ती वीज कडाडल्यावर तारेतून येणारी उसळी. वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात तर हमखास. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग फारसा होत नाही. ढग गडगडू लागले की प्लग काढा आणि तांब्याच्या तारेनं येणारं इंटरनेट असेल तर तीही तार काढा. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. इन्व्हर्टर असेल तर दिवे क्षणभर मिचकावून परत लागतात, पण तेवढ्या क्षणात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून एक छोटा यूपीएस द्या, म्हणजे नातवंडांशी बोलताना चेहरा मध्येच नाहीसा होणार नाही.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत चार ओळी लिहून टेबलासमोर चिकटवून या. रोज थोडा वेळ लावा. वर काही झाकू नका. ढग आले की प्लग काढा. ओला झाला तर लावू नका, आम्हाला फोन करा.

आणि आपल्या इथल्या घरासाठी आज रात्रीचं काम एवढंच. संगणक ज्या कोपऱ्यात आहे तिथं हात घालून बघा, हवा खेळती आहे का, गरम आहे का. हाताला जी हवा कोंदट वाटेल, ती त्यालाही मानवणार नाही.

तुमचा प्रवास सुखाचा होवो, घरच्यांना आमचा नमस्कार सांगा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!